न ऐकलेल्या तबकडीचे रसग्रहण

देवमन तेलगोटे यांची 'वा' अकोल्यात प्रसिद्ध होती. अकोल्यात म्हणजे सगळ्या अकोल्यात नव्हे. मोहल्ल्यापुरती, कचेरीपुरती आणि जयंतीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांपुरती. पण तेवढ्या हद्दीत तिचे वजन भारी. गायन पार्टी कुठलीही असो, देवमनराव पुढच्या सतरंजीवर डोळे मिटून बसायचे आणि कडव्याच्या शेवटी एकदाच, हळूच, 'वा' म्हणायचे. दोनदा कधी नाही. ज्याला ती मिळे तो पुढे बरेच दिवस मान ताठ करून चाले, आणि ज्याला मिळत नसे तो पेटीवाल्याला दोष देई.

स्वतः देवमनराव पूर्वी पेटी वाजवत. हेडक्लार्क झाल्यावर त्यांनी ती माळ्यावर टाकली, कारण दिवसा ज्या हातांनी फायलींवर शेरे मारायचे त्याच हातांनी संध्याकाळी भाता मारणे त्यांना बरे दिसेना. वाजवणे सुटले तसा ऐकण्यातला त्यांचा अधिकार वाढला. हे असे का होते कोण जाणे, पण होते खरे. पार्टीतल्या पोरांना त्यांनी नियम घालून दिले होते. पेटी चालेल, ढोलक चालेल, खंजिरी चालेल. डफडे चालणार नाही. छप्पन सालच्या दीक्षेनंतर दर्यापूरजवळच्या त्यांच्या सासुरवाडीत बैठक भरली, तेव्हा मॅट्रिक झालेले जावई म्हणून देवमनरावच बोलायला उभे राहिले होते. दुसऱ्यांच्या वरातीपुढे डफडे बडवत चालायचे आणि जेवायला मात्र गोठ्याच्या पलीकडे वेगळे बसायचे, हे आजपासून बंद, असे ते म्हणाले. त्यांचे सासरे श्रावणजी पंचक्रोशीतले नामांकित डफडेवाले. त्यांनी एक शब्द न बोलता डफडे खुंटीला टांगले, ते मरेपर्यंत खाली काढले नाही. ही गोष्ट देवमनराव अभिमानाने सांगत, आणि अभिमान धरण्यासारखीच ती होती.

अशा माणसाच्या घरी एकोणसत्तर सालच्या वैशाखात त्यांचा मेहुणा धर्मपाल जर्मनीहून सुट्टीवर आला. पंचफुलाबाईंचा हा धाकटा भाऊ याच घरात राहून शिकला होता आणि ढोलकाची पहिली थापही त्याला देवमनरावांनीच शिकवली होती. पुढे तो फिटर झाला आणि कारखान्याने त्याला ट्रेनिंगला जर्मनीत पाठवले. येताना त्याने बहिणीसाठी सुयांचा डबा आणला आणि भाऊजींसाठी एक मोठी काळी तबकडी आणली.

"तिथं माह्या घरमालकिणीचं पोट्टं अन् त्याचे दोस्त तळघरात वाजवतात, भाऊजी," धर्मपाल म्हणाला. "इजेची गिटार, इजेची पेटी. मीबी जाऊन बसत होतो. मंग त्याईनं तबकडी काढली. दुसऱ्या बाजूले मी आहो."

"तू?" देवमनरावांनी चष्मा वर सरकवला. "खपली का मग?"

"कोणी घेतली नाही. दुकानदाराईनं वापस केल्या. लोकं म्हणे, हे गाणंच नोहे." धर्मपाल थोडा वेळ नखाने तबकडीच्या खोक्याचा कोपरा खरवडत राहिला. "मले लोकाईचं काई नाही, भाऊजी. तुमी एक डाव ऐका. तुमी चांगलं म्हणलं त चांगलं. तुमी नाही म्हणलं, त मी तिथं पुन्हा हात लावत नाही."

एवढे बोलून तो गावी, दर्यापूरकडे, काकांना भेटायला निघून गेला. देवमनराव हरखून गेले. आजवर त्यांची 'वा' बाळापूरच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. आता थेट जर्मनीहून तिला मागणी आली होती.

तबकडीच्या वेष्टनावर नांगरलेल्या रिकाम्या शेताचा करडा फोटो होता आणि शेताच्या मधोमध एक खुर्ची. वादकांच्या मंडळीचे नाव इतके लांब होते की ते वेष्टनाच्या दुसऱ्या अंगाला वळून संपत होते. हा फोटो पहिल्यांदा पाहिला तो शेजारच्या खुशालरावांनी. खुशालरावांची जमीन बाळापूरला, पोरांच्या शाळेसाठी बिऱ्हाड अकोल्यात. त्यामुळे शेतीत खर्च व्हायची ती सगळी अक्कल त्यांच्यापाशी दिवसभर शिल्लक पडलेली असे. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि या जमिनीत कापसाची पऱ्हाटी होणार नाही, असा निकाल दिला.

"अन् देवमनजी, तबकडी उघडली त उघडली, पण तिले ऊन दाखवलं का?"

"ऊन कायले?"

"हे पाहा, बाहेरून आलेला माल एक डाव उन्हातून काढाच लागते. गहू असो का तूर असो. हे त समुद्रावरून आलेलं. आत किती ओल धरली असंन, कीड असंन, कोणाले मालूम. तशीच वाजवान त सुई फसंन तुमची."

आता देवमनराव मॅट्रिक होते, हेडक्लार्क होते. कुणी म्हणेल की त्यांनी विचार करायला हवा होता. पण वैशाखात वऱ्हाडातल्या प्रत्येक गच्चीवर काही ना काही वाळत असतेच, आणि सगळी दुनिया ऊन खात असताना एका तबकडीने तेवढे सावलीत बसावे हे त्यांच्याही मनाला पटेना. पंचफुलाबाईंच्या कुरड्यांच्या शेजारी, स्वच्छ धोतरावर, त्यांनी तबकडी मांडली. माशा बसू नयेत म्हणून वर जाळीसुद्धा घातली. अकोल्याचे ऊन आपल्या कामाला लागले.

कचेरीतून ते परत आले तेव्हा कुरड्या छान खुळखुळीत वाळल्या होत्या आणि तबकडीची परात झाली होती. कडा वर आल्या होत्या, मध्ये खोलगट. पंचफुलाबाई म्हणाल्या, "याच्यात आता पीठ मळता येते." त्या चेष्टेने म्हणाल्या नव्हत्या. समोर दिसत होते ते सांगितले.

खुशालराव आले, त्यांनी परात फिरवून पाहिली आणि कीड नक्की मेली असेल एवढे आश्वासन दिले. उपायही त्यांच्याचकडे होता. तबकडी दोन पाटांच्या मध्ये ठेवून वर जाते ठेवावे, आपोआप सरळ येते. मग तबकडी पाटांत गेली, पाटांवर जाते चढले, आणि त्या घरात दळण बंद झाले. पंचफुलाबाई गिरणीतून पीठ आणू लागल्या आणि आणलेल्या प्रत्येक डब्यागणिक नवऱ्याकडे एकदा पाहू लागल्या.

अशात एका सकाळी धर्मपाल कामानिमित्त अकोल्याला आला आणि उभ्या उभ्या घरी डोकावला. पायरीवरूनच त्याने विचारले, "ऐकली का, भाऊजी?"

या वेळी 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मग 'का नाही' हे आले. मग जाते आले, पाट आले, गच्ची आली, जाळी आली. देवमनरावांना हा सगळा प्रवास डोळ्यांपुढे दिसला, आणि तोंडातून निघून गेले, "ऐकली म्हणजे काय. दोनदा ऐकली."

"दुसरी बाजू बी?"

"दुसरी बाजू तर काय सांगू तुला. हात काय फिरला आहे तुझा. वा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांची 'वा' न ऐकलेल्या गोष्टीला गेली. आणि वाईट म्हणजे, ती अगदी नेहमीसारखीच निघाली.

धर्मपालचा चेहरा असा काही उजळला की देवमनरावांना दुसरीकडे पाहावे लागले. "मंग तुमाले राग नाही आला?" त्याने विचारले.

"राग कशाचा?"

"मले लय भेव वाटत होतं, भाऊजी. तुमी नाही म्हणसान, असंच वाटत होतं. कवाचं पोटात होतं." तो बसलासुद्धा नाही. "जायच्या आधी येतो मी. मंग दोघं मिळून ऐकू. कुठं कसं वाटलं ते तुमी मले सांगा." आणि तो जवळजवळ पळतच मोटारीकडे गेला.

राग कशाचा यायला हवा होता, हे देवमनरावांना काही केल्या कळेना. पंचफुलाबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "जात्याखालची तबकडी तुमी दोनदा ऐकली." देवमनरावांनी न जेवताच कचेरी गाठली.

आता ती तबकडी ऐकणे भागच होते. जात्याखालून ती बरीचशी सरळ होऊन निघाली. कडेला थोडी लाट राहिली तेवढीच. पण घरच्या चावीच्या फोनोवर ती लावणे म्हणजे नांगराने रेशीम कातरण्यातला प्रकार, हे देवमनरावांनाही समजत होते. विजेवर चालणारे, सावकाश फिरणारे यंत्र हवे. तसे यंत्र अमरावतीला त्यांचे जुने सहकारी नत्थुजी यांच्याकडे होते. देवमनराव रविवारची मोटार धरून, तबकडी चादरीत गुंडाळून, मांडीवर तान्हे मूल घ्यावे तशी घेऊन अमरावतीला गेले. शेजारच्या बाईने तर बाळ किती महिन्यांचे म्हणून विचारले. देवमनरावांनी काहीतरी उत्तर दिले.

नत्थुजींचा रेडिओग्राम बैठकीत कपाटाएवढा उभा होता. त्यावर विणलेले झाकण, झाकणावर फुलदाणी, फुलदाणीवर पुन्हा झाकण. त्याच्यासमोर बसून दोघांनी चहा घेतला. नत्थुजींनी तो कसा आणला, कुणी कुणी पाहिला, कोण कोण जळले, हे सविस्तर सांगितले. तबकडी लावायचे निघताच ते दचकले.

"लावाची? नाही जी. तो लावासाठी नाही घेतला. एक डाव लावला होता, त इजेचा दाब वरखाली झाला अन् माह्या पोरीले, जमुनाले, तवापासून त्याचं भेव बसलं. तुमी पाहून घ्या न निवांत." देवमनरावांनी निवांत पाहून घेतला, आणि संध्याकाळच्या मोटारीने बाळासकट परत आले.

राहिला डोमाजी लाउडस्पीकरवाला. त्याच्याकडे यंत्र होते, पण लग्नसराई ऐन भरात होती आणि यंत्राला मंगळवारचीच काय ती सवड होती. शिवाय डोमाजीने एक तांत्रिक अडचण सांगितली. त्याचे यंत्र भोंग्याला जोडलेले होते, आणि भोंग्याचा स्वभाव सगळ्या मोहल्ल्याला ऐकवायचा होता.

"हळू नाही का वाजत?"

"हळू वाजवाले मले कोण बोलावते जी?" डोमाजी म्हणाला. "अन् भोंगा म्हणलं की परवानगी पायजे. ते पाहून घ्या, नाही त माहं यंत्र जप्त होते."

पोलीस चौकीवरच्या जमादाराने अर्ज वाचला आणि पुन्हा वाचला. "कार्यक्रम काय? लग्न, जयंती, उत्सव का निवडणूक?"

"तबकडी ऐकायची आहे."

"ऐकाले परवानगी लागत नाही. वाजवाले लागते. कोणासाठी वाजवून राहिले?"

"माझ्यासाठीच."

"एकट्यासाठी भोंगा?" जमादाराने मान वर करून देवमनरावांना नीट न्याहाळले. "अन् तबकडी जर्मनची. म्हणजे परदेश आला. तुमी असं करा, सांस्कृतिक लिहा. सांस्कृतिकले कोणी इचारत नाही. पण मंग मंडळ पायजे, अध्यक्ष पायजे, अन् पाव्हणा पायजे."

तर अशा रीतीने, एका माणसाला एक तबकडी गुपचूप ऐकता यावी म्हणून, 'जर्मन संगीत रसिक मंडळ, अकोला' या संस्थेची चौकीच्या पायरीवर स्थापना झाली. अध्यक्षपद खुशालरावांनी फार आढेवेढे न घेता स्वीकारले, आणि त्याच दिवशी बाळापूरपर्यंत निरोप धाडले. पाहुणे म्हणून दुसरे कोण असणार, देवमनरावांना कचेरीतल्या साहेबांकडे जावे लागले. साहेब अंजनगाव सुर्जीकडच्या मोठ्या शेतकरी घरातले, स्वभावाने मोकळे. जर्मन संगीत म्हटल्यावर ते खूश झाले आणि म्हणाले की तेलगोटे, तुम्हाला यातले कळते हे मला ठाऊक नव्हते. देवमनराव विनयाने हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ज्याचा हात असतो त्याला ते उशिरा कळते.

मंगळवारी दिवस मावळायच्या सुमारास मैदानात सतरंज्या पडल्या. मोहल्ला झाडून आला होता. पुढे साहेब खुर्चीत, शेजारी अध्यक्ष खुशालराव नव्या टोपीत. बायका एका अंगाला. देवमनरावांनी ठरवले होते की प्रास्ताविक दोन वाक्यांत उरकायचे आणि इतरांबरोबर आपणही एकदाचे ऐकून घ्यायचे. पण माईक समोर आला. जर्मन संगीत हे वरवर ऐकण्याचे संगीत नाही, असे ते म्हणाले. त्यात सूर हा सुराच्या शोधात निघतो, असेही म्हणाले. हे वाक्य त्यांचे त्यांनाच इतके आवडले की त्यांनी ते साहेबांकडे पाहून पुन्हा म्हटले.

डोमाजीने सुई ठेवली. आधी एकच सूर निघाला आणि तो हलेचना. मग गिटारीची तार कुणीतरी खरवडली, थांबला, पुन्हा खरवडली. मग ठक् असा आवाज, मग शांतता, मग पुन्हा तोच सूर.

मंडळी ओळखून होती. कुठलीही पार्टी आली की आधी तबल्यावर हातोडी चालते, पेटीवाला सूर धरून बसतो, आणि तोवर श्रोत्यांनी सुपारी कातरायची, पोरांना मुतवून आणायचे, मागच्यांना पुढे जागा करून द्यायची, ही वऱ्हाडातली रीतच आहे. जुळवणीच्या वेळी गप्प बसणे उलट अडाणीपणाचे मानतात. त्यामुळे सगळे निवांत बोलू लागले. बरीच सुपारी संपली.

"अजून जुळवूनच राहिले का?" मागून कुणीतरी विचारले.

"थंडीचा मुलुख आहे," अध्यक्षांनी मागे वळून सांगितले. "वाद्यं तापाले टाइम लागते."

मधूनमधून तो सूर हेलकावे खाई, खाली जाई, वर येई. साहेबांनी भुवया उंचावून पाहिले तेव्हा देवमनराव म्हणाले, "मींड आहे, साहेब." ती गच्चीवरच्या उन्हाची मींड होती, हे तिथे फक्त त्यांना आणि पंचफुलाबाईंना माहीत होते. बायकांच्या बाजूला पाहण्याचे त्यांनी टाळले.

अखेर पहिली बाजू खटकन संपली. "जुळलं," खुशालराव म्हणाले, आणि सगळ्या मैदानाने सुटकेचा श्वास सोडला. सुपाऱ्या तोंडात गेल्या, पोरे मांडीवर आली, सगळे एकदम चिडीचूप झाले. आता गाणे सुरू होणार होते. त्या शांततेत डोमाजीने तबकडी उलटली.

दुसऱ्या बाजूला आधी काहीच नव्हते. आणि मग डफडे वाजले.

ढोलक नव्हे, खंजिरी नव्हे. हलगीच्या जातीचे, चामड्यावर दोन काड्यांनी वाजणारे, गावच्या वेशीपासून ओळखू यावे असे डफडे. राग कशाचा यायला हवा होता ते देवमनरावांना त्या क्षणी कळले. म्हाताऱ्या चतुराबाई बसल्या जागी खांद्यांनी डुलू लागल्या. आणि पंचफुलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "माह्या बाबाचा हात हाय हा." त्या हळूच बोलल्या होत्या, पण मैदान इतके गप्प होते की शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेले.

साहेब खुर्चीत वळले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण मनात काही नसलेल्या माणसाचेच बोलणे कधीकधी नेमके लागते. "तेलगोटे, हे तर डफडं आहे. आमच्या अंजनगावले वरातीपुढे असंच वाजे. तुमचेच लोकं वाजवत." ते हसले. "पोचलं म्हणायचं जर्मनीपर्यंत."

मागे दोन-चार जण हसले. ज्यांनी डफडी खुंटीला टांगली होती ते हसले नाहीत. ते देवमनरावांकडे पाहत राहिले. आता बोलायचे होते ते सोपे होते. माझ्या मेहुण्याने वाजवले आहे, आणि त्याच्या बापाचा हात आहे, एवढेच. माईक अजून समोरच होता.

"नाही, साहेब," देवमनराव म्हणाले. "हे जर्मन वाद्य आहे. नाव जरा अवघड आहे. आपल्याकडच्या त्या वाद्याशी याचा काही संबंध नाही. त्या बाईंचा गैरसमज झाला आहे."

भोंग्यातून ते सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेले. लग्नाला बावीस वर्षे झालेल्या बायकोला 'त्या बाई' म्हटलेलेही गेले. वर ते डोमाजीला म्हणाले, "बंद करा, पुरे झालं."

"काहून? आता त गाणं लागलं न," डोमाजी म्हणाला.

पण यंत्राजवळ कुणीतरी आधीच वाकले होते. इस्त्रीचा जर्मन शर्ट घातलेला, खांद्याला पिशवी असलेला धर्मपाल. भाऊजींनी आपल्या तबकडीचा कार्यक्रम ठेवल्याचे त्याला दर्यापूरच्या मोटारीतच कळले होते, आणि तो वेशीवरून धावत आला होता. त्याने दोन बोटांनी सुई अलगद उचलली, तबकडी वेष्टनात घातली आणि ती भाऊजींच्या हातात आणून दिली. आभाराचे भाषण अध्यक्षांनी केले. त्यात त्यांनी जर्मन शेतीवर बराच भर दिला.

घरी पाने मांडली. पंचफुलाबाईंनी वाढले आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. देवमनरावांनी घास हातात धरून दोनदा तोंड उघडले. शेवटी धर्मपालच म्हणाला, "चालते, भाऊजी. साहेब होते न." त्याच्या आवाजात राग असता तर देवमनरावांना ते बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने धर्मपाल जाणार होता. सकाळी तो मोहल्ल्यात भेटीगाठी घ्यायला गेला, पंचफुलाबाई शिदोरीसाठी दळण आणायला गेल्या. डोमाजीचे यंत्र मैदानातून आणून रात्री त्यांच्याच घरात ठेवले होते. ते पुढच्या लग्नाला न्यायला बैलगाडी संध्याकाळी येणार होती. देवमनराव कचेरीत गेले नाहीत. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी नुसता निरोप पाठवला. दार लोटले आणि यंत्रापुढे बसले. पण भोंगा तो भोंगा. पुन्हा सगळ्या मोहल्ल्याला ऐकवायची छाती त्यांच्यात नव्हती. मग त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, भोंग्यावर एकावर एक पांघरल्या, दुसरी बाजू लावली आणि स्वतःचे डोकेही गोधड्यांत घातले. वैशाखातली दुपार, वर तापलेली गच्ची आणि गोधड्यांचा ढीग.

आत अंधार होता आणि डफडे होते. श्रावणजींचीच काडी, तोच दुसऱ्या ठोक्याला किंचित थबकण्याचा मोड. लग्नात मांडवापाशी हा मोड ऐकला होता तेव्हा देवमनराव नवरदेव होते. पण हे डफडे कुणाच्या पुढे चालत नव्हते. ते वाजे, थांबे, आणि थांबले की ती विजेची पेटी आणि ती गिटार त्याच्याभोवती सावकाश गोळा होत. त्यांना घाई नव्हती. वाजवणारे पुढे जात नव्हते, डफड्याला हाकत नव्हते, ते त्याची वाट पाहत होते. कालच्या मैदानात जे जुळवणे वाटले होते तेच हे होते. अनोळखी माणसे एकमेकांशी जुळवून घेत होती, आणि तेच त्यांचे गाणे होते. एका जागी सगळे गप्प झाले आणि डफडे एकटेच, हळू, अगदी म्हाताऱ्याच्या हाताने वाजत राहिले. तळघरातल्या त्या गोऱ्या पोरांनी त्याला मधेच अडवले नाही. देवमनरावांना सासऱ्यांची खुंटी आठवली. आपण बंद करायला सांगितले ते चालणे, ते वेगळे जेवणे. हात नव्हता बंद करायला सांगितला, आणि म्हातारा ते विचारायलाही आला नाही. आपण तरी कुठे विचारले. ते रडू लागले. गोधडीत, घामाने चिंब होऊन, भोंग्याला कान लावून हेडक्लार्क देवमन तेलगोटे हुंदके देत रडले. तबकडी संपली तरी त्यांना डोके बाहेर काढवेना.

कुणीतरी गोधडी उचलली. धर्मपाल होता. मागे दारात पंचफुलाबाई पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"धर्मा," देवमनराव म्हणाले. चष्मा कुठेतरी गोधडीत राहिला होता, केस कपाळाला चिकटले होते. "मी आता ऐकली. खरंच ऐकली. ते एकटं वाजतं तिथं... सगळे थांबतात तिथं... वा, रे. वा."

दोनदा 'वा' ऐकून पंचफुलाबाईसुद्धा चपापल्या. धर्मपालने भाऊजींकडे नीट पाहिले. मग तो खाली बसला, भाऊजींच्याच धोतराच्या सोग्याने त्याने त्यांचा चेहरा पुसला, जसा आजारी माणसाचा पुसतात तसा, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "राहू द्या, भाऊजी. माह्यासाठी एवढं नका करू."

ही 'वा' खरी आहे अशी शपथ घ्यायला देवमनरावांनी तोंड उघडले. पण शपथ तरी कशाची घ्यायची हे त्यांना सुचेना. धर्मपालने गोधड्यांची एकेक घडी घातली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून तो पिशवी आणायला आत गेला.